तारा झाका, पण पडिलेहण करता येईल अशा



घराला रंग द्यायचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. हॉलमध्ये मोठा टीव्ही आला, त्याच्यासोबत होम थिएटर आलं, आता स्पीकरच्या तारा भिंतीवरून लोंबतात. त्या लपवायच्या कुठं? इलेक्ट्रिशियन म्हणतो भिंत कोरून आत घालतो. सुतार म्हणतो मागं प्लायचं पॅनल ठोकून देतो, एकही तार दिसणार नाही. माझं मत सरळ आहे. तारा जरूर झाका, पण जे झाकण आपल्या हातानं उघडता येत नाही ते लावू नका. यात शोभेपेक्षा जीवदयेचा प्रश्न मोठा आहे.

आपले साधू-साध्वीजी रोज दोन वेळा वस्त्र-पात्रांचं पडिलेहण करतात. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, पुंजून ठेवायची, यासाठी पाच समितींमध्ये एक स्वतंत्र समिती आहे. आपण श्रावक-श्राविका तेवढं पाळू शकत नाही, पण जयणा तर आपल्यालाही सांगितली आहे. स्वयंपाकघरात आपण ती पाळतो. पाणी गाळतो, धान्य निवडतो, शेगडी पेटवण्याआधी बर्नर बघतो. मग टीव्हीच्या मागची जागा जयणेतून का सुटावी? घरातला सगळ्यात उबदार, अंधारा आणि कुणी हात न लावणारा कोपरा तोच असतो.

आम्ही सूरजागडच्या पट्ट्यात, एटापल्ली तालुक्यात राहतो. इथं हे जास्तच जाणवतं. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला लोहखनिजाचे ट्रक. उन्हाळ्यात दारं लावून घेतली तरी लाल धूळ आत येते आणि तारांच्या गुंत्यावर बसते. जून लागला की हवा दमट होते, मग मुंग्या, वाळवी, झुरळं, पाली, सगळे आसरा शोधत घरात येतात. अ‍ॅम्प्लिफायर रिमोटनं बंद केला तरी आतून थोडा गरम राहतो. त्यांना आणखी काय हवं?

मुंग्यांचं तर एक विशेष आहे. एखादी मुंगी बोर्डातल्या उघड्या जोडावर विजेनं मेली की तिच्या अंगातून धोक्याचा वास सुटतो. त्या वासानं बाकीच्या मदतीला धावून येतात आणि त्याही तिथंच मरतात. म्हणून बोर्ड उघडल्यावर कधी कधी मेलेल्या मुंग्यांचा ढीग सापडतो. ती हिंसा आपण हातानं केलेली नसते, पण आपल्या घरात, आपण न बघितल्यामुळं झालेली असते. शास्त्रात याला प्रमाद म्हणतात.

आता पॅनल ठोकून बंद केलं तर काय होतं ते बघा. आत कोण राहायला आलं ते वर्ष-दोन वर्षं कळतच नाही. मग एक दिवस कडेला वाळवीची माती दिसते आणि घरातला प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: औषध मारून घ्या. तेव्हा आपण अडचणीत सापडतो. फवारणी करावी तर शेकडो जीव जातात, न करावी तर लाकूड जातं. बंद पॅनलचा खरा खर्च हा आहे, आणि तो सुताराच्या हिशेबात कधीच नसतो.

मग करायचं काय? बाजारात पीव्हीसीची केसिंग-पट्टी मिळते. खालची पट्टी भिंतीला बसते, वरचं झाकण हातानं दाबून लागतं आणि ओढून निघतं. स्कर्टिंगच्या वरच्या कडेनं किंवा दाराच्या चौकटीलगत ती नेली आणि भिंतीचाच रंग दिला की पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. स्पीकरच्या तारा आणि लाइटची वायर एका पट्टीत घालू नका. ते सुरक्षित नाही, शिवाय सबवूफरची तार लाइटच्या वायरीला चिकटून गेली तर आवाजात घरघर येऊ शकते. दोन्हींत हातभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. सहा-सात मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते, त्याहून लांब असेल तर 2.5 ची घ्या. पट्टीची टोकं उघडी सोडू नका. भिंतीतली भोकं आत कुणी नाही हे बघूनच बुजवा. तार गालिच्याखालून तर मुळीच नेऊ नका. पायाखाली ती चेपते आणि तिथं काय चाललंय ते दिसत नाही. पिन मात्र हात पोचेल अशी ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात विजा कडाडल्या की ती लगेच काढावी लागते.

नवं घर बांधत असाल आणि तारा भिंतीतूनच न्यायच्या असतील तर पाइप मोठा टाका, म्हणजे तार ओढून काढता येईल, आणि दोन्ही टोकांना स्क्रूनं उघडणारा डबा ठेवा. भाड्याच्या घरात किंवा क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी भिंत कोरूच नये. बदली झाली की पट्टी काढून सोबत नेता येते.

काही जणी म्हणतील, बिनतारी स्पीकर घ्या, कटकटच नको. पण त्यांनाही विजेची पिन लागतेच. म्हणजे तार गेली नाही, फक्त दुसऱ्या कोपऱ्यात गेली.

खरा सोपा उपाय आपल्या धर्मानं आधीच सांगून ठेवला आहे: परिमाण. 5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर ठेवले तर बातम्या, सिनेमा, स्तवनं, सगळं छान ऐकू येतं, आणि मागच्या भिंतीपर्यंत तार न्यायचा प्रश्नच उरत नाही. सूरजागडच्या डोंगरावर माडिया गोंड बांधव जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरवतात. तोच डोंगर लोखंडासाठी खोदला जातोय. तांबंही मलाजखंडसारख्या खाणीतूनच येतं. आपण पृथ्वीकायाला जीव मानतो, तर प्रत्येक जादा मीटर तारेमागं एक खोदलेला डोंगर आहे हे आपल्याला तरी आठवायला हवं.

पूर्ण त्याग करा असं मी म्हणत नाही. घरात मुलं आहेत, सासरे आहेत, त्यांना सिनेमा बघायचा असतो. पण जे घेतलं ते सांभाळणं आपल्या हातात आहे. महिन्यातून एकदा, आणि चौमासात दर आठवड्याला, बटण बंद करा, पिन काढा, पट्टीचं झाकण उघडा, बॅटरी मारून बघा आणि मऊ पुंजणीनं हळूच पुंजून घ्या. कुणी आत दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सावलीत सोडा. दहा मिनिटांचं काम आहे.

यंदा चौमासी चौदसेच्या आधी एकदा टीव्हीचं टेबल पुढं ओढा आणि मागं बघा.