विश्वाचा ताप आणि खोडदची शांतता

माणसाचा ताप थर्मामीटरने कळतो. सुमारे १.८ लाख कोटी अंशांवर प्रोटॉन-न्यूट्रॉनही वितळतात. तिथे थर्मामीटर कुठला? सर्नमध्ये शिशाची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवून हे द्रव्य क्षणभर तयार करतात आणि बाहेर पडणाऱ्या कणांवरून व प्रकाशावरून त्याचे तापमान काढतात. महास्फोटानंतर सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या सुमारास सारे विश्व याच स्थित्यंतरातून गेले. गणिते सांगतात, ते लोणी विरघळावे तसे हळूहळू झाले. पाणी उकळावे तसे एकदम झाले असते, तर गुरुत्वीय लहरी उमटल्या असत्या.

अशा अतिमंद लहरींचा पुरावा २०२३ मध्ये जाहीर झाला. पल्सारच्या ठोक्यांवरून केलेल्या त्या शोधात जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचाही वाटा होता. लहरींचा उगम बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा; पण आदिम स्थित्यंतराची शक्यताही तपासली जात आहे.

या कामाला रेडिओ शांतता लागते. म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग वादात सापडला. रेल्वेची मागणी रास्तच आहे; पण रूळ वळवता येतात, ३० अँटेना हलवता येत नाहीत. मात्र या शांततेची किंमत जुन्नर-आंबेगावने एकट्याने का मोजावी? दुर्बीण देशाची असेल, तर भरपाईही देशानेच द्यावी.