मोटारींतील गाणें कां रुसतें?

मोटार घरीं आली म्हणजे प्रथम तिची पूजा होते, आणि पूजेचा नारळ वाढवून होतो न होतो तोंच घरांतील तरुण मंडळी तिच्यांत गाण्याची कोणती व्यवस्था करावी या विचारास लागतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. धावड्याहून जालन्यास जावयाचें म्हणजे वृद्धांस अभंग आणि मुलांस गोष्टी ऐकवीत नेणारा स्टिरिओ मोटारींत असला तर प्रवास सुखाचा होतो. परंतु तो बसविणारा कारागीर आमच्यासारख्या खेड्यांत नेहमींच हाताशीं असतो असें नाहीं. यास्तव हें काम घरींच करूं पाहणाऱ्या मुलांच्या, आणि विशेषेंकरून त्यांच्या वडील माणसांच्या, उपयोगाचें असें कांहीं येथें लिहीत आहें.

कल्पना नवी नव्हे. १९३० सालीं शिकागो येथील गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला. त्यास त्यांनीं 'मोटोरोला' हें नांव दिलें आणि पुढें तेंच त्यांच्या कंपनीचें नांव झालें. त्या काळची मोठी अडचण एंजिनच्या ठिणग्यांची होती. प्रत्येक ठिणगीसरशीं गाण्यांत खरखर उमटे. यंत्रें आज किती तरी सुधारलीं, परंतु एंजिन आणि गाणें यांचें वैर अद्यापि पुरतें मिटलेलें नाहीं.

दोष शोधण्याची रीत मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. श्रुति सिद्ध करतांना भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत दोन सारख्या वीणा घेण्यास सांगितलें आहे. एक ध्रुव ठेवावयाची, दुसरी चल. आणि फरक करावयाचा तो केवळ चल वीणेंत, एकेक पायरीनें. मोटारींतही हाच न्याय लावावा. डावा स्पीकर मुका झाला तर नवा विकत आणण्यापूर्वीं स्टिरिओच्या मागें डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारा आपसांत बदलून पाहाव्या. मुकेपणा उजवीकडे गेला तर दोष स्टिरिओंत. डावीकडेच राहिला तर स्पीकरांत किंवा त्याच्या तारेंत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आमचे तरुण एकदम तीन तारा हलवितात, गाणें लागतें, आणि कोणत्या तारेनें लागलें हें कोणासच कळत नाहीं. आठ दिवसांनीं तोच रोग पुन्हां उद्भवतो.

स्पीकरची परीक्षा भिंतीवरील घड्याळाच्या १.५ व्होल्टच्या सेलनेंही होते. त्याच्या तारा सोडवून दोन टोकांस सेल क्षणभर टेकवावा. 'टक्' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. धन टोकास धन लागलें असतां पडदा बाहेर येतो, उलट लागल्यास आंत जातो. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर गाणें वाजतें खरें, पण तबल्यांतील डग्गा हरवतो. एक पडदा हवा पुढें ढकलीत असतां दुसरा ती मागें ओढतो आणि खर्जाचे स्वर एकमेकांस गिळून टाकतात.

बाजारांतील सुट्या स्टिरिओच्या तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी बॅटरीची अखंड तार, तांबडी किल्लीबरोबर चालूबंद होणारी, काळी अर्थिंगची. रोज घड्याळ आणि ठरविलेलीं स्टेशनें विसरणाऱ्या स्टिरिओस आपण बिघडला म्हणतों. पुष्कळदां त्याची पिवळी आणि तांबडी तार एकमेकींच्या जागीं लागलेली असते. मोटारीच्या अंगच्या तारांचे रंग मात्र निर्मात्यागणिक वेगळे. तेथें मीटर लावल्यावांचून विश्वास ठेवूं नये. आणि स्टिअरिंगखालीं पिवळ्या वेष्टनांतील तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजून त्यांस हातही लावूं नये.

एंजिनचा वेग वाढेल तसतशी चढत जाणारी शीळ ऐकूं आली तर दोष बहुधा अर्थिंगचा. कारागीर तिला नुसतें 'अर्थ' म्हणतात, आणि मला तें फार आवडतें. शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य आहे असें मीमांसक सांगतात. मोटारींत तो नित्य ठेवावा लागतो. स्टिरिओ आणि अँप्लिफायर या दोहोंचा अर्थ एकाच ठिकाणीं, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, बोल्टनें घट्ट आवळावा. गाण्याची बारीक तार आणि बॅटरीची जाड तार एकाच बाजूनें नेऊं नये.

आतां ज्यासाठीं लेखणी उचलली तें. आमच्या आळींतील एका मोटारींत कारागिरानें वारंवार जळणारा फ्यूज काढून त्या जागीं तांब्याची तार पिळून ठेविली होती. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. बारा व्होल्टचा धक्का बसत नाहीं म्हणून मुलें निर्धास्त असतात. परंतु बॅटरीची जाड तार पत्र्याच्या भोंकांतून जातां जातां घासली आणि तिचें वेष्टन फाटलें, कीं मोटारीचें सगळें अंग अर्थच असल्यामुळें शेंकडों अँपिअर प्रवाह त्या एका जागेंतून धांवूं लागतो. तार लाल होते आणि शेजारचा गालिचा पेट घेतो. मागल्या बांकावर कोण बसलेलें असतें तें मी सांगावयास नको. फ्यूज आहे तो तारेच्या रक्षणासाठीं. म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत असावा, स्टिरिओजवळ असून भागत नाहीं. त्याची शक्ति तारेच्या जाडीप्रमाणें ठरवावी, आणि भोंकांत रबरी कडें बसविल्याखेरीज तार ओवूं नये. फ्यूज पुन्हां पुन्हां जळत असेल तर तो खरें बोलत आहे, त्याचें तोंड बंद करूं नये.

कामास बसतांना बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें व शेवटीं जोडावें. धन टोक आधीं सोडूं गेल्यास पाना पत्र्यास लागून ठिणगी उडते. ऋण सुटलेलें असलें म्हणजे तें भय राहत नाहीं.

सर्व जोडून झाल्यावर गाणें मोठ्यानें लावून दहा मिनिटें चालूं द्यावें, मग बंद करून प्रत्येक सांध्यास व फ्यूजच्या घरास बोट लावून पाहावें. अँप्लिफायरची पेटी गरम व्हावयाचीच. सांधा गरम लागला तर तो सैल आहे, तो उकलून पुन्हां करावा.