दूरचा नेम आणि अंतरमापक यंत्र

रात्रभर जागल करून पहाटे जरा डोळा लागावा आणि तेवढ्यांत डुकरांच्या कळपानें भुईमुगाचे वाफे उकरून टाकावे, हा अनुभव ज्यास नाहीं असा शेतकरी विरळा. रोह्यांचा उपद्रवही कांहीं कमी नाहीं. अशा वेळीं हातीं बंदूक असावी व लांबूनच जनावर लोळवावें असें मनांत येणें स्वाभाविक आहे. सन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली आहे. मात्र उभ्या पिकांचा नाश करणाऱ्या कांहीं जनावरांस मारण्याची लेखी परवानगी वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून मिळूं शकते. अशी परवानगी व परवान्याची रायफल ज्यांजवळ आहे, त्यांच्याच उपयोगाकरितां हे चार शब्द.

परदेशांतील शिकारी हल्लीं लेझर अंतरमापक वापरतात. हें यंत्र डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांचा सूक्ष्म ठोका पुढें पाठवितें, तो जनावरावर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजतें व त्यावरून अंतर सांगतें. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें 3 लक्ष किलोमीटर. तेव्हां 300 मीटरांवरून ठोका परतण्यास सेकंदाचा अवघा 5 लक्षांवा भाग पुरतो. यंत्राची करामत खरोखर थोर आहे. नुसत्या नजरेनें 350 मीटर अंतर 300 वाटलें, तर गोळी वीतभर खालीं जाते आणि काळजाऐवजीं पाय मोडतो. ही चूक यंत्र टाळतें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

परंतु अंतर कळलें म्हणजे नेम साधला, असें समजणें ही मोठी भूल होय. साधारण रायफलीच्या गोळीस 400 यार्ड जाण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यांत ती नळीच्या रेषेपासून सुमारें सव्वा मीटर खालीं येते. तो हिशेब यंत्राच्या साह्यानें जमेल. पण त्याच अर्ध्या सेकंदांत चरणारें डुक्कर एक पाऊल पुढें टाकतें, त्याचा हिशेब कोण करणार? आडव्या वाऱ्यानें गोळी किती वाहवेल, हें केवळ अंतर सांगणारें यंत्र सांगत नाहीं. पुढें गवताचें पातें आलें, तर तें कधीं कधीं गवताचेंच अंतर दाखवितें. धुक्यांत व पावसांत तर त्यावर फारसा भरंवसा नको.

अमेरिकेंत 1887 सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं स्थापिलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबानेंही अतिदूरच्या नेमबाजीविषयीं नापसंती दर्शविली आहे. ज्या अंतरावरून जनावरास माणसाची चाहूलच लागूं शकत नाहीं, तेथून मारणें ही खरी शिकार नव्हे, असा त्या पक्षाचा आशय आहे. कोणी म्हणेल, पिकाची राखण हा खेळ नव्हे, तेव्हां हा दंडक आम्हांस कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु जनावर तडफडत ठेवूं नये, हा दंडक खेळाचा नसून माणुसकीचा आहे. शिवाय जखमी डुक्कर उसांत शिरलें, तर दुसऱ्या दिवशीं तोडणीस येणाऱ्या मजुरावर तें उलटणार नाहीं, याची हमी कोण देईल?

आणखी एक गोष्ट. चुकलेली गोळी बांधावर थांबत नाहीं. मोठ्या रायफलीची गोळी 3 किलोमीटरांहूनही दूर जाऊं शकते. आपलीं शेतें म्हणजे ओसाड रान नव्हे. पलीकडे शेजाऱ्याचा माळा असतो, त्यावर त्याचा मुलगा जागलीस बसलेला असतो.

म्हणून आमचें मत असें कीं, यंत्र अवश्य घ्यावें, पण लांब मारण्यासाठीं नव्हे, तर लांब न मारण्यासाठीं. दिवसाउजेडीं माळ्यावर बसून बांध, विहीर, बाभूळ यांचीं अंतरें मोजून ठेवावीं. स्वतःचा नेम कोठवर खात्रीनें बसतो, हें नेमबाजीच्या मैदानावर आधीं पारखावें व तेवढीच आपली हद्द धरावी. जनावर हद्दीपलीकडे असलें, किंवा त्याच्या मागें मातीचा उंचवटा नसला, तर चाप ओढूं नये. त्या रात्रीं चार वाफे जातील; पण गेलेले वाफे पुढल्या हंगामांत पुन्हां लावतां येतात, सुटलेली गोळी मात्र परत बोलावतां येत नाहीं.