तोंड उघडेल तेवढे

यंदाचा अंक दातांवर काढायचा ठरला, तेव्हा किडलेला दात आणि टूथपेस्ट यांपलीकडे काय लिहिणार, असा प्रश्न आमच्यातच निघाला. उत्तर मुदखेडच्या कुठल्याही टपरीसमोर पडलेले असते: रिकाम्या पुड्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे त्या पुड्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

गुटख्यातल्या सुपारीच्या घटकांमुळे गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होते. तिखट सोसवत नाही, तोंडात तीन बोटे मावत नाहीत. दंतवैद्य याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो, आणि हल्ली या फायब्रोसिसमध्ये कोवळी पोरे सापडतात. म्हणूनच हा विषय आत्ता.

तोंडाच्या कर्करोगावरच्या संशोधनाची एक मोठी पायरी महाराष्ट्रातच रचली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. पुढे केरळ, आंध्र, गुजरातमधल्या पाहणीत तंबाखू सोडणाऱ्यांच्या तोंडातले पांढरे चट्टे कमी झालेले आढळले. आम्हाला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

त्यामुळे या अंकात भीतीदायक फोटो नाहीत. तपासणी कशी होते, सुटका कशी होते, यावर भर आहे. मशेरी, सुपारी, खर्रा सोडलेल्यांनी, सोडता न आलेल्यांनीही आम्हाला लिहावे. नाव छापणार नाही.