मोहाचा गुन्हा काय?

पदार्थ तोच, पण तो कोणाच्या हातून आणि कोणत्या भांड्यातून समोर येतो, यावर त्याची इभ्रत ठरावी, हा आपल्या समाजाचा जुनाच रिवाज आहे. नाचणीची भाकरी गरिबाची आणि नाचणीची बिस्किटे मात्र आरोग्याची, हे आपण रोज पाहतो. दारूच्या बाबतीत हा भेद आणखी तीव्र होतो. तिथे एकाच्या वाट्याला कौतुक येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला कोठडी.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला भाच्याकडे गेलो होतो. "मामा, चला, एक गंमत दाखवतो," म्हणून तो मला गल्लीच्या टोकाशी असलेल्या एका छोट्याशा बारमध्ये घेऊन गेला. सात-आठ टेबले, मंद दिवे, आणि फळीवर प्रामुख्याने दोनच जातींच्या बाटल्या : टकिला आणि मेझकल. दोन्ही मेक्सिकोच्या आणि दोन्ही घायपातीच्या. आपल्याकडे शेताच्या बांधावर जी कुंपण म्हणून उभी असते, जिच्या वाखाचे दोर वळतात, तिच्याच कुळातली ही झाडे. पेले भरणारा तरुण मोठ्या आस्थेने माहिती देत होता. घायपातीचा गाभा खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, मातीने झाकून काही दिवस भाजतात; मग ठेचून आंबवतात आणि भट्टीवर गाळतात. मेझकलला धुराचा वास येतो तो त्या खड्ड्यामुळे. पेल्याच्या काठाला मीठ आणि वर लिंबाची चकती. मी एक घोट घेतला आणि त्या धुराच्या वासासरशी आमच्या तुमसर तालुक्यातली रानाकाठची गावे डोळ्यांपुढे उभी राहिली. बिल आले तेव्हा कळले की, एका पेल्याची किंमत त्या गावांतल्या मजूर बाईच्या दिवसभराच्या रोजीपेक्षा जास्त होती.

तुमसर म्हटले की बाहेरच्यांना तांदळाचा बाजार आठवतो, फार तर डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी. पण मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या जंगलपट्टीतले दिवस मोहाभोवती फिरतात. रात्रभर फुले गळतात आणि पहाटे बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वाकतात. फुले अंगणात वाळवायची, काही बाजारात विकायची, काही घरी ठेवायची. त्यांची भाकर होते, लाडू होतात. पुढे बियांचे तेल निघते. गोंड समाजात देवापुढे, लग्नात आणि मयतीतही मोहाच्या दारूला स्थान आहे. योगायोग असा की, घायपात आणि मोह या दोघांच्याही फुलांवर रात्री वटवाघळे येतात. निसर्गाने दोघांना सारखेच वागवले. फरक केला तो माणसाच्या कायद्याने.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा आणला आणि १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. सरकारी महसुलाला घरच्या भट्टीची स्पर्धा नको होती, हे त्यामागचे उघड कारण. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरचे निर्बंध कायम राहिले. ते शिथिल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने मोह आणि काजूबोंडांच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात घेण्याचे ठरवले. विदर्भाच्या रानात वाढलेल्या झाडाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री विदेशी व्हावे लागले! एवढे होऊनही घरी गाळलेली दारू विकणारी बाई गुन्हेगार ती गुन्हेगारच.

मेक्सिकोत मेझकलही एके काळी गावंढळ, गरिबांचे पेय म्हणून हिणवले जाई. त्या देशाने १९७४ साली टकिलाच्या आणि १९९४ साली मेझकलच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. टकिला हे मुळात एका गावाचे नाव. तिथल्या घायपातीच्या शेतांना २००६ साली 'युनेस्को'ने जागतिक वारसा ठरवले. आपल्याकडेही गोव्याने २००९ साली काजूच्या फेणीसाठी भौगोलिक मानांकन मिळवले. डेस्मंड नाझरेथ या उद्योजकाने दख्खनच्या घायपातीपासून मद्य बनवले आणि पुढे मोहाचेही बाजारात आणले. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर आदिवासी बचत गटांना मोहाचे 'वारसा मद्य' गाळण्याची वाट मोकळी केली.

इथे कोणी वाचक भगिनी रागाने विचारील, "म्हणजे दारूची भलावण करायची का?" तिचा राग रास्त आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आमच्याही गावात आहेत, आणि नवऱ्याची मजुरी परस्पर भट्टीवर जाताना पाहणाऱ्या बाईला वारशाच्या गोष्टी सांगणे हा निर्दयपणा आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून, आणि तिच्यात बायका पुढे होत्या. पण चोरट्या भट्टीने घर वाचत नाही. उलट, घाईने आंबवण्यासाठी नवसागर टाकणारा, पुढे त्यात काहीही मिसळणारा माणूस अंधारातच फोफावतो. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. ती ना मोहाची होती, ना कोणाच्या वारशाची.

म्हणून प्रश्न पिण्याचा नाही, फुलाच्या मोलाचा आणि वेचणाऱ्या हातांचा आहे. वाळलेली फुले साठवायला कोरडी जागा नसली की ती हंगामातच पडत्या भावाने व्यापाऱ्याला द्यावी लागतात. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मानला आहे. त्या हक्काला गोदाम, वजनकाटा आणि रोख भाव यांची जोड हवी. फुलांचे लाडू, सरबत, मुरंबा यांना आधी बाजार मिळावा. मद्य गाळायचेच असेल तर ते परवान्याने, तपासणीने आणि त्या गावाच्या संमतीने; आणि नको म्हणण्याचा हक्क गावातल्या बायकांच्या हाती असावा.

मेक्सिकोकडून एक सावधगिरीही शिकण्याजोगी आहे. मागणी वाढली तशी तिथल्या रानातली घायपात ओरबाडली गेली आणि नफ्याचा मोठा वाटा बड्या कंपन्यांकडे वळला. उद्या मोहाचा पेला शहरात मिरवू लागेल, तेव्हा झाडाखाली वाकणारी बाई आजच्याच भावाने फुले विकत असेल, तर आपण काय मिळवले? मोहाला प्रतिष्ठा द्यायची असेल, तर तिची सुरुवात त्या बाईच्या टोपलीपासून व्हायला हवी.