मेइनोंगची सावड

खारट, तेलकट, खमंग. हाक्का या चिनी समाजाचं जेवण कसं असतं असं तैवानमध्ये कुणालाही विचारा, हे तीन शब्द ठरलेले. मेइनोंगमध्ये ज्या घरी मी उतरले होते, तिथल्या आजींनी मला या तिन्हींचा हिशोब उलगडून सांगितला. दिवसभर उन्हात राबलं की घामावाटे मीठ जातं, म्हणून खारट. डोंगरावरून लाकडं उतरवायची, चिखलात वाकून लावणी करायची, तर अंगात जोर हवा, म्हणून डुकराची चरबी. आणि ताटात भात भरपूर पण कालवण एवढंसंच, तेवढ्यावर भात उठवायचा तर वास जबर हवा, म्हणून खमंग. "आता शेतात यंत्रं आली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. पण हात ऐकत नाही." गावातलाच एक शिकलेला तरुण त्यांचं बोलणं मला समजावून सांगत होता. त्याला स्वतःलाही आजीचे काही शब्द पुन्हा विचारून घ्यावे लागत होते.

मेइनोंग तैवानच्या दक्षिण भागात, काओश्युंग शहराच्या ईशान्येला आहे. २०१०पासून कागदोपत्री ते काओश्युंग महानगराचाच भाग आहे, पण बस डोंगरांच्या दिशेनं वळली की शहर मागे पडतं आणि भातखाचरं सुरू होतात. खाचरांच्या मधोमध जुनी कौलारू घरं. मधे अंगण, तीन बाजूंना खोल्या, आणि मधल्या दालनात पूर्वजांच्या नावांची पाटी. बांधावर, ओढ्याच्या वळणावर, जुन्या झाडाखाली भूमिदेवाची ठाणी दिसतात. जुन्या ठाण्यांत मूर्ती नसते. एक उभा दगड आणि त्यामागे मातीचा उंचवटा. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी उदबत्ती लावून जातं. गावकरी या देवाला नात्यातल्या थोरल्या आजोबांची हाक मारतात.

१७२१ साली बेटावर मोठं बंड झालं, तेव्हा दक्षिणेतल्या हाक्का वस्त्यांनी स्वसंरक्षणासाठी सहा तुकड्या उभारल्या. त्या युतीचं 'लिउदुई' हे नाव आजही या प्रदेशाला आहे. मेइनोंग वसलं १७३६ साली. इथे आलेले बहुतेक जण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या मेइझोउ भागातल्या डोंगरातले होते. सपाट, सुपीक जमिनी आधी आलेल्यांनी धरलेल्या, म्हणून यांनी डोंगराचा पायथा गाठला. तिथे पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासींशी चकमकी होत राहिल्या. त्याच मेइझोउच्या परिसरातून निघालेली काही कुटुंबं पुढे कोलकात्याला आली आणि टांग्रा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरली. मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर 'हाक्का नूडल्स' लिहिलेलं असतं त्यातला हाक्का तो. एका डोंगरातून निघालेल्या माणसांचं एक टोक आपल्या चौकात पोचलं आणि दुसरं या खोऱ्यात. त्यामुळेच मला इथे यायचं होतं.

आपल्या गाडीवरच्या त्या पदार्थाचं इथे नावही नाही. इथे आहे बानत्याओ. जुना तांदूळ भिजवून वाटायचा, पातळ पीठ ताटात पसरायचं आणि वाफवायचं. विदर्भातल्या बायका सालपापड्या करतात तीच क्रिया, फक्त इथे ती वाळवत नाहीत. ओलसर चादर उचलून तिच्या रुंद पट्ट्या कापतात. मग चरबीत लाल तळलेला छोटा कांदा, लसणाची हिरवी पात, मोड आलेले मूग, डुकराच्या मांसाचे दोन-चार काप. रस्सा घालून घ्या किंवा कोरडं परतून. मी दोन्ही खाल्लं. मला रश्श्यातलं आवडलं, कारण तांदळाचा वास त्यात जास्त कळतो. तळलेल्या कांद्याचा वास मुख्य रस्त्यावर सकाळपासून असतो.

या गावाचं खरं चरित्र मात्र तंबाखूत आहे. जपानी राजवटीत, १९३०च्या दशकाच्या शेवटी इथे तंबाखू आला. पुढे ही सरकारी मक्तेदारी राष्ट्रवादी सरकारकडे आली आणि सरकार पान विकत घेत राहिलं. भाताची दोन पिकं झाली की हिवाळ्यात तिसरं पीक तंबाखूचं. पैसा हमखास, पण काम जिवावरचं. पान पिकलं की थांबत नाही, ते त्याच दिवशी तोडावं लागतं. मग दोरीला बांधून भट्टीघरात टांगायचं, खाली रात्रंदिवस जाळ, आणि जाळ कमी-जास्त झाला की सगळं पान वाया. अशी भट्टीघरं अजून गावात उभी आहेत, छपरावर वाफ जायला छोटं दुसरं छप्पर असलेली. काहींत आता सायकली आणि जुनी अवजारं आहेत.

एका घराला हे काम झेपणं शक्यच नव्हतं. म्हणून सावड. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. पैशांची देवघेव नाही, दिवसांची. कुणाचे किती दिवस कुणाकडे बाकी, याची नोंद. आणि ज्याच्या शेतात काम, त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं. आजी सांगत होत्या, आदल्या रात्री झोप लागायची नाही, दुसऱ्या दिवशी एवढ्या माणसांचं रांधायचं असायचं. कुणाच्या घरी जेवण चांगलं, कुणाकडे हात आखडता, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक असायचं. शेजारणीनं एका वर्षी मटणात, म्हणजे डुकराच्या मटणात, किती कंजूषपणा केला होता, ते त्यांनी मला नीट सांगितलं. शेजारीण वारून कितीतरी काळ लोटला आहे.

तैवान २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत गेलं, परदेशी तंबाखू स्वस्त झाला. २०१७ साली सरकारी कंपनीनं कराराची खरेदी थांबवली आणि इथला तंबाखू संपला. हिवाळ्यात आता लाल चवळीसारखं कडधान्य दिसतं, छोटे टोमॅटो दिसतात, आणि नोव्हेंबरात पांढरा, बोटभर जाडीचा मुळा. मुळ्याला मीठ लावून उन्हात वाळवतात आणि बरणीत भरतात. वर्षं जातील तसा तो काळा पडत जातो. दहा-वीस वर्षांचा काळा मुळा कोंबडीच्या रश्श्यात घालतात. त्या रश्श्याला आंबट-गोड अशी चव होती की मी वाटी पुढे केली, आणि आजींनी न विचारता दुसऱ्यांदा भरली.

त्याहून अभ्यास करण्यासारखी आहे ती मोहरीची रुंद पानांची भाजी. शेतातच तिला ऊन देऊन मऊ करतात. मग पिंपात पानांचा थर, मिठाचा थर, आणि वर चढून पायांनी तुडवायचं. काही आठवड्यांत आंबट भाजी तयार. तीच पुन्हा उन्हात अर्धवट वाळवून, काठीनं ठासून बाटलीत भरली आणि बाटली उपडी ठेवली की दुसरी, अधिक घमघमीत भाजी. तीच पूर्ण वाळवून जुड्या बांधल्या की तिसरी, तपकिरी, वर्षानुवर्षं टिकणारी. ती डुकराच्या चरबीदार कापांखाली घालून तासन्‌तास वाफवतात. एका रोपाची तीन वयं, आणि प्रत्येक वयाचं खाणं वेगळं. डोंगराळ मुलखात, कधी पुन्हा उठून निघावं लागेल या धास्तीत राहिलेल्या माणसांनी हे शास्त्र घडवलं. हाक्का बायकांनी पाय कधी बांधले नाहीत. चिनी समाजात इतरत्र ती रीत असताना या बायका शेतात होत्या, आणि पिंपावरही त्यांचेच पाय.

मला सर्वांत मोठा आनंद मात्र एका हिरव्या भाजीनं दिला. तळ्यात वाढणारी, कास पठारावरच्या तळ्यात फुलते त्या कुमुदिनीच्या कुळातली वनस्पती. तिचे मीटरभराहून लांब देठ खुडून परततात. कुरकुरीत, किंचित चिकट. त्यात जी आंबूस, पिवळट फळं होती ती दाताखाली येताच मी ओळखली. भोकरं! आपण लोणचं घालतो तीच, इथे मीठ-पाण्यात मुरवलेली. आजींना मी सांगितलं की आमच्याकडेही ही झाडं आहेत, तर त्यांनी आधी विचारलं, "मग तुम्ही ती फुकट घालवत नाही ना?"

ही भाजी काढताना पाहायला मी तळ्यावर गेले. हिवाळ्याची सकाळ, आणि रबरी पोशाख घालून छातीभर पाण्यात उभी माणसं. देठ मुळाशी तोडायचे, धुवायचे, गुंडाळून जुड्या करायच्या. पूर्वी भाजी नसली की गरिबांच्या ताटात येणारी ही वस्तू आता तैपेईच्या हॉटेलांतही जाते. पाण्यात उतरणाऱ्यांत बाहेरून आलेले मजूर आता बरेच आहेत. इथे सावड नाही, रोज आहे. त्या गारठ्यात तासभर काठावर उभं राहणं मला जड गेलं, आणि पाण्यातल्यांना दुपारपर्यंत थांबायचं होतं. हे काम या जेवणाइतकंच मोलाचं मानलं गेलं पाहिजे, असं मला तिथे फार तीव्रतेनं वाटलं.

सावडीनं या गावाला आणखी एक गोष्ट दिली, एकजुटीनं उभं राहायची सवय. १९९०च्या दशकात सरकारनं गावाच्या माथ्यावर मोठं धरण बांधायचं ठरवलं, प्रामुख्यानं कारखान्यांच्या पाण्यासाठी. ज्या दरीत ते होणार होतं तिथे पिवळ्या फुलपाखरांचे थवे असतात. जपान्यांनी रेल्वेच्या स्लीपरांसाठी तिथे काशीद लावला होता, आपल्याकडे रस्त्याकडेला असतो तोच. लाकूड राहिलं बाजूला, त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या गेल्या. १९९३ साली गावकरी तैपेईला संसदेसमोर जाऊन बसले. १९९४मध्ये गावाची संघटना झाली, १९९५पासून फुलपाखरांचा उत्सव सुरू झाला. शहरातून परतलेल्या लिन शेंगश्यांग या गायकानं मित्रांसोबत एक वाद्यवृंद काढला आणि त्याला सावडीचंच नाव दिलं. १९९९चा त्यांचा पहिला संग्रह गावातल्या तंबाखूच्या भट्टीघरातच ध्वनिमुद्रित झाला. २००० साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी धरण होणार नाही असं जाहीर केलं. दरी आजही आहे.

त्याच दरीच्या वाटेवर झोंग लीहे या लेखकाचं स्मारक आहे, १९८३ साली लोकांनी पुढाकार घेऊन उभारलेलं. झोंग लीहे शेतावर काम करणाऱ्या ताइमेइच्या प्रेमात पडला. तिचंही आडनाव झोंग, म्हणजे सगोत्र, लग्न अशक्य. दोघं पळून मांचुरियाला गेली, १९४६मध्ये परतली. पुढे त्याला क्षय झाला. घर, मुलं, शेत, औषधपाणी सगळं तिनं ओढलं, चोरून लाकूडही वाहिलं. तो लिहीत राहिला आणि १९६० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हस्तलिखित दुरुस्त करताना रक्त ओकून गेला. स्मारकात त्याचे कागद पाहताना मी तिचाच विचार करत होते.

बाहेरून आलेल्या बायका या गावाला नव्या नाहीत. मुलं शहरात गेली, शेतावर राहिलेल्यांना मुली मिळेनात, तेव्हा इंडोनेशिया, व्हिएतनाममधून सुना आल्या. १९९५ साली मेइनोंगमध्ये त्यांच्यासाठी चिनी लिहा-वाचायचा वर्ग सुरू झाला. देशातल्या पहिल्या अशा प्रयत्नांपैकी तो एक. लिन शेंगश्यांगच्या वाद्यवृंदाच्या २००१च्या संग्रहात त्या वर्गातल्या बायकांनी स्वतः गायलेलं गाणं आहे.

आजींची सूनही त्यांतलीच, पश्चिम कालिमांतानमधल्या सिंकावांगची. तिकडे हजारो हाक्का कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे मंदारिन येत नसताना ती सासूशी पहिल्या दिवसापासून बोलू शकली. आजींचा मुलगा आणि नातवंडं घरात मंदारिन बोलतात. आजींना त्यांच्याच बोलीत उत्तर देते ती सूनच. तिच्या माहेरी मिरच्यांचा सांबाल प्रत्येक जेवणात, इथे सुरुवातीला कुणी बोटही लावेना. आता चरबीदार मांस आणि तपकिरी भाजीच्या ताटाशेजारी त्याची वाटी असते आणि आजी ती स्वतःकडे ओढून घेतात. गुडघे दुखतात म्हणून यंदा त्या पिंपावर चढल्या नाहीत. मोहरी सुनेनं तुडवली, आणि मीठ किती घालायचं यावरून दोघींचं दोन दिवस वाजलं. सुनेनं आजींपेक्षा जास्त घातलं होतं.