बोगद्याचे आकडे कोणासाठी?

मंडळी, बोगदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ते अजस्र खोदयंत्र येते. वर्तमानपत्रात फोटोही त्याचाच छापतात. पण बोगद्याची नाडी पाहणारी छोटी छोटी उपकरणे आत बसवलेली असतात, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. आज थोडे त्यांच्याविषयी.

डोंगर पोखरला की वरचा भार आजूबाजूच्या खडकावर येतो आणि खडक पोकळीकडे सरकू लागतो. हे सरकणे मिलिमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर खुणा बसवून त्यांतले अंतर पुन्हा पुन्हा मोजतात. एक्स्टेन्सोमीटरची सळई खडकात पक्की करून आत किती खोलवर हालचाल आहे ते पाहतात. पिझोमीटर पाण्याचा दाब सांगतो, तर वरच्या इमारतीवरचा टिल्टमीटर ती कलते आहे का ते सांगतो. आकडे हळूहळू स्थिरावले तर ठीक. वाढतच राहिले तर काम थांबवून आधार वाढवायचा. शाळेत मुलांना आलेख काढायला लावतो तो उगाच नव्हे!

बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यासाठीही अशी उपकरणे लावली आहेत. छान झाले. पण उपकरण फक्त सांगते, ऐकणारा माणूस लागतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २१ ऑक्टोबर १९९४ रोजी बांधकाम चालू असलेले बोगदे कोसळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत दिसले की धोक्याची सूचना मोजमापांत आधीच होती, ती वेळेवर कोणी मनावर घेतली नाही.

आता आपल्या दाराशी या. आमच्या पूर्णा गावाजवळच्या गुंदवलीहून भांडुपपर्यंत मुंबईचे पाणी नेणारा सुमारे १५ किलोमीटरचा, साडेपाच मीटर व्यासाचा जलबोगदा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात बोअरवेल खोदताना त्यालाच भोक पडले. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. खोदताना खडकाच्या मिलिमीटरचा हिशेब ठेवायचा आणि पुढे वरून कोणी थेट बोगद्यापर्यंत भोक पाडत आणायचे, याला काय म्हणावे?

म्हणून माझे म्हणणे दोनच गोष्टींचे. एक, मोजमाप बोगद्याच्या उद्घाटनाबरोबर संपू नये. बोगदा वापरात आहे तोवर ते चालू राहावे, आणि खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय वर कोणाला बोअरवेल मारू देऊ नये. दोन, वर राहणाऱ्यांना ते आकडे मराठीत, समजतील असे, ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या फलकावर वाचायला मिळावेत. सोबत कोणत्या आकड्याला काम थांबवणार, तेही लिहावे.

यावर काही जण म्हणतील, लोक घाबरतील. अहो, पावसाळ्यात भातसा-तानसाची पातळी रोज पेपरात येते. ती वाचून कोणी घर सोडून पळाले का? उलट घरातल्या म्हाताऱ्यालाही धरण किती भरले ते तोंडपाठ असते. माणूस आकड्याला घाबरत नाही, लपवलेल्या आकड्याला घाबरतो.

आपल्या भिवंडी-ठाणे पट्ट्यात जमिनीखाली आणखी पुष्कळ कामे व्हायची आहेत. ती व्हावीत, माझा विरोध नाही. फक्त जमिनीची नाडी पाहणाऱ्यांनी घरच्या माणसांनाही तब्येत सांगावी, एवढेच.